‘अल्टॉइड’चा माग: एक ईमेल पत्ता, दोन तपास

गॅरी अल्फर्ड हा अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचा न्यूयॉर्कमधला तपास अधिकारी. २०१३ च्या सुरुवातीला त्याची नेमणूक ‘सिल्क रोड’ नावाच्या इंटरनेटवरच्या चोरबाजाराचा छडा लावणाऱ्या एका पथकात झाली. इतर शहरांत एफबीआय आणि होमलँड सिक्युरिटी या अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याची वेगळी पथकं त्याच कामाला जुंपलेली होती आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं: बाजार चालवणारा माणूस कोण? मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी अल्फर्डने घरी बसून, तुम्ही-आम्ही वापरतो त्याच गूगलवर, शोधाशोध केली. थोड्याच दिवसांत त्याच्या हातात एक ईमेल पत्ता होता आणि त्या पत्त्यातच एका माणसाचं नाव-आडनाव लिहिलेलं होतं. इथवर यायला त्याला कोर्टाचा आदेश लागला नाही, खबऱ्या लागला नाही, पैसेही लागले नाहीत.

ही गोष्ट ‘बघा, गूगलने काय कमाल केली’ अशा थाटात सांगितली जाते. मी उघड माहितीवरून तपास कसा करायचा हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि मला तो थाट पटत नाही. कारण त्याच सुमारास दुसरा एक अधिकारी, तितकाच मेहनती, तितक्याच उघड नोंदी बघून भलत्याच माणसापर्यंत पोचला होता. दोघांकडची साधनं साधारण तीच. मग एकाचा माग खरा का निघाला आणि दुसऱ्याचा का फसला, हे बघायला या प्रकरणाइतकं चांगलं प्रकरण मला अजून सापडलेलं नाही. शिवाय यातलं जवळजवळ सगळं कोर्टाच्या कागदपत्रांत आणि साक्षींत नोंदलेलं आहे.

आधी बाजाराबद्दल, थोडक्यात. सिल्क रोड २०११ च्या जानेवारीअखेर सुरू झाला. टॉर नावाच्या जाळ्यावर तो चालायचा, त्यामुळे सर्व्हर कुठे आहे ते बाहेरून दिसत नसे. पैसे बिटकॉइनमध्ये चुकते व्हायचे. माल मुख्यतः अमली पदार्थ. चालक पुढे ‘ड्रेड पायरेट रॉबर्ट्स’ या टोपणनावाने वावरू लागला. १ जून २०११ रोजी गॉकर या संकेतस्थळावर त्याबद्दल लेख आला आणि बाजार एकदम जगाला कळला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढचा सगळा डाव तिच्यावर आहे.

तारखेची चाळणी

अल्फर्डचा विचार दुकानदारी जाणणाऱ्या कुणालाही सुचेल असा होता. दुकान कितीही गुप्त असलं तरी पहिलं गिऱ्हाईक कुठून येतं? कुणीतरी सांगितल्याशिवाय येत नाही. टॉरवरचा पत्ता म्हणजे अक्षरांची अर्थहीन माळ. वाटेने जाता जाता कुणाला दुकानाची पाटी दिसेल अशी सोयच तिथे नाही. म्हणजे सुरुवातीला कुणीतरी उघड इंटरनेटवर येऊन दवंडी पिटलेली असणार. आणि दुकान उघडून दोन-चार दिवस झालेले असताना जो दवंडी पिटतो, तो बहुधा मालक तरी असतो किंवा मालकाच्या अगदी जवळचा.

मग त्याने गूगलच्या शोधाला तारखेची मर्यादा घातली. लेख गाजल्यानंतरचे लाखो उल्लेख बाजूला सारले आणि फक्त सुरुवातीच्या दिवसांतलं काय आहे ते बघितलं. ही सोय तेव्हाही सगळ्यांना होती, आजही आहे. आता तर शोधाच्या चौकटीतच ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ हे शब्द लिहून पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि तारीख टाकली की झालं. मी वर्गात विचारतो तेव्हा वीसपैकी एखाद्यानेच ती कधी वापरलेली असते.

चाळणीशिवाय काय झालं असतं ते करून बघण्यासारखं आहे. ‘सिल्क रोड’ म्हटलं की चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा रेशीममार्ग येतो, समरकंद येतं, पर्यटन कंपन्या येतात. पुढे जे टोपणनाव सापडलं ते ‘अल्टॉइड’. ते अमेरिकेत पत्र्याच्या डबीत मिळणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्यांचं नाव. नुसतं ते शोधलं तर गोळ्याच गोळ्या. दोन्ही शब्द एकत्र आणि त्यात तारीख, असं केल्यावरच धान्य खाली पडतं आणि फोलपट वर राहतं.

खाली पडलं ते असं. २७ जानेवारी २०११ रोजी नशा आणणाऱ्या अळंब्यांच्या शौकिनांच्या ‘श्रूमरी’ या चर्चास्थळावर अल्टॉइड नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं की, मला सिल्क रोड नावाची एक साइट दिसली, कुणी वापरून बघितली आहे का? दोनच दिवसांनी, २९ तारखेला, बिटकॉइनवाल्यांच्या ‘बिटकॉइनटॉक’वर त्याच नावाने जवळपास तोच मजकूर. सहज भटकत आलेला गिऱ्हाईक असल्याचा आव, पण दोन्हीकडे तोच सूर आणि तीच घाई. आपल्याकडे नव्या हॉटेलाच्या पानावर पहिल्याच दिवशी पाच तारे देऊन ‘घरच्यासारखी चव’ लिहून जाणारा जो असतो, तो मालकाचा मेहुणा असतो हे आपण कसं ओळखतो? तसंच.

पत्ता सापडतो

आता काम सोपं, पण कंटाळवाणं होतं: अल्टॉइडने लिहिलेलं सगळं वाचून काढायचं. ११ ऑक्टोबर २०११ ची एक पोस्ट निघाली. बिटकॉइनशी संबंधित नव्या कंपनीसाठी चांगला संगणक तज्ज्ञ हवा आहे, इच्छुकांनी ईमेल करावा. खाली पत्ता. जीमेलचा, आणि त्यात रॉस उल्ब्रिक्ट हे नाव सलग लिहिलेलं.

पत्ता नेहमीसारखा लिहिलेला नव्हता. ‘ॲट’ आणि ‘डॉट’ ही चिन्हं न टाकता शब्दांत लिहिली होती. पत्ते गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांना चुकवण्यासाठी त्या काळी बरेच लोक असं लिहीत. याचा आपल्याला उलटा उपयोग आहे. कुणाचा ईमेल पत्ता शोधताना तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा शोधला आणि काही मिळालं नाही, तर काम संपलं असं समजू नये. ‘ॲट’-‘डॉट’ शब्दांत लिहून बघावं, मधे जागा सोडून बघावं, चिन्हाआधीचा नुसता अर्धा भाग शोधून बघावा, कारण तो अर्धा भाग लोक दहा ठिकाणी टोपणनाव म्हणून वापरतात. जीमेलमध्ये तर नावातले टिंब असले काय नि नसले काय, पत्र त्याच पेटीत जातं. म्हणजे एकाच माणसाचा पत्ता दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो.

पत्त्यावरून पुढची पावलंही उघडीच होती. गूगल प्लस तेव्हा जिवंत होतं, त्यामुळे जीमेलचा पत्ता म्हणजे नाव आणि फोटोपर्यंतचा रस्ता. लिंक्डइनवर त्याच नावाच्या माणसाचा तसाच चेहरा. शिक्षण: टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतून भौतिकशास्त्र, मग पेन स्टेट विद्यापीठातून ‘मटेरियल्स सायन्स’ची पुढची पदवी. स्वतःबद्दल त्याने लिहिलं होतं की, बळाचा पद्धतशीर वापर नसलेलं जग कसं असेल याचा लोकांना प्रत्यक्ष अनुभव यावा म्हणून आपण एक आर्थिक प्रतिरूप उभारतो आहोत. त्याच्या गूगल प्लसच्या पानावरच्या आवडत्या व्हिडिओंत मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या मीझेस इन्स्टिट्यूटचे व्हिडिओ होते. इकडे ड्रेड पायरेट रॉबर्ट्स सिल्क रोडच्या चर्चेत ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचे आणि लुडविग फॉन मीझेसचे दाखले देत असायचा.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, आणि वर्गात तो कुणीच आपणहून विचारत नाही. पत्ता त्या पोस्टमध्ये होता हे खरं. पण तो लिहिणाऱ्याचाच होता कशावरून? उद्या मी एखाद्या घाणेरड्या जाहिरातीखाली तुमचा ईमेल टाकला तर? असे प्रकार होतात, आणि बायकांच्या बाबतीत फार होतात. म्हणून पत्ता सापडला की आधी बघायचं ते हे: तिथे खरा पत्ता देण्यात लिहिणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ होता का? या पोस्टमध्ये होता. त्याला माणूस हवा होता, अर्ज यायला हवे होते. खोटा किंवा दुसऱ्याचा पत्ता दिला असता तर जाहिरातच वाया गेली असती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत भक्कम वाटतो तो हा मुद्दा.

फुकटाची हद्द

अल्फर्डची गोष्ट ऐकून मुलांना वाटतं की इथून पुढचंही सगळं गूगलवरच मिळालं. तसं नव्हतं. एफबीआयच्या ख्रिस्तोफर टार्बेलने सप्टेंबर २०१३ मध्ये कोर्टात दिलेली फिर्याद वाचताना मी मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायला सांगतो: एक रंग घरबसल्या दिसणाऱ्या माहितीला, दुसरा कंपनीकडून कायद्याने मागवलेल्या माहितीला. पानं फार लवकर दुसऱ्या रंगाने भरायला लागतात.

उदाहरण म्हणजे गाजलेला ‘फ्रॉस्टी’चा धागा. प्रोग्रामर मंडळी एकमेकांना अडचणी विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लोवर १६ मार्च २०१२ रोजी एकाने विचारलं होतं की, पीएचपी या संगणकी भाषेत कर्ल हे साधन वापरून टॉरवरच्या छुप्या सेवेला कसं जोडायचं? हा प्रश्न उघड होता, पण बाहेरून दिसणारं नाव होतं ‘फ्रॉस्टी’. खातं मुळात रॉस उल्ब्रिक्ट या नावाने आणि त्याच जीमेल पत्त्यावर उघडलेलं होतं, प्रश्न टाकल्यावर मिनिटभराच्या आत नाव बदललं गेलं आणि काही आठवड्यांनी ईमेलही बदलून खोटा टाकला गेला, हे कळलं ते स्टॅक ओव्हरफ्लोच्या आतल्या नोंदींवरून. त्या नोंदी तुम्हा-आम्हाला कुणी देत नाही, आणि देऊही नयेत. पुढे सिल्क रोडच्या सर्व्हरवरच्या एका डिजिटल किल्लीच्या शेवटी ‘फ्रॉस्टी’ हाच शब्द आढळला. तो सर्व्हर आइसलँडमध्ये होता आणि त्याची प्रत तिथल्या पोलिसांच्या मदतीने जुलै २०१३ मध्ये घेतली गेली होती. जीमेल कुठून उघडला जातो, सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिकरी स्ट्रीटवरून, हेही गूगलच्या नोंदींतून आलं. सिल्क रोडच्या सर्व्हरशी जिथून जोडणी झाली होती तो कॅफे तिथून ५०० फुटांच्या आत निघाला.

हद्द नेमकी कुठे आहे हे सांगायला मला एक ओंगळ सवय आठवते. ‘पासवर्ड विसरलो’वर टिचकी मारून समोरच्याच्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे बघायचे, असं शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. ते सार्वजनिक माहिती वाचणं नाही, दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावून बघणं आहे. शिवाय समोरच्याला इशारा जातो तो वेगळाच.

दुसरा तपास

जॅरेड डेर-येगियान हा होमलँड सिक्युरिटीचा शिकागोतला अधिकारी. परदेशातून टपालाने येणारी नशेच्या गोळ्यांची पाकिटं पकडता पकडता तो सिल्क रोडपर्यंत पोचला. तोही सुरुवातीच्या खुणा शोधत होता, आणि त्याला एक चांगली खूण सापडली: ‘सिल्क रोड मार्केट डॉट ऑर्ग’ हे उघड इंटरनेटवरचं डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव. टॉरवरच्या बाजारात कसं शिरायचं याची माहिती त्यावर दिलेली होती. म्हणजे हीसुद्धा मालकाचीच दवंडी. आता डोमेनच्या नोंदी कुणालाही बघता येतात. त्याने बघितल्या. साइट ज्या नेमसर्व्हरवर (साइटचं नाव कुठल्या संगणकाकडे न्यायचं ते सांगणाऱ्या सर्व्हरवर) होती तो ‘म्युटम सिगिलम’ नावाच्या कंपनीचा, आणि कंपनी मार्क कार्पेलेस याची. कार्पेलेस तेव्हा टोकियोत बसून माउंट गॉक्स हे जगातलं सगळ्यात मोठं बिटकॉइन एक्सचेंज चालवत होता.

आता बघा गोष्ट कशी आपोआप रचली जाते. संगणकाचं ज्ञान? भरपूर. बिटकॉइन? ढिगाने. हेतू? सिल्क रोड चालला की बिटकॉइनला मागणी वाढते, भाव चढतो, एक्सचेंजवाल्याचं भलं होतं. सगळं चपखल बसत होतं. डेर-येगियानला कार्पेलेसचे ईमेल तपासण्यासाठी वॉरंट मागण्याइतका संशय आला होता. जानेवारी २०१५ मध्ये उल्ब्रिक्टच्या खटल्यात उलटतपासणीला सामोरं जाताना त्याला हे सांगावं लागलं आणि कोर्टात खळबळ उडाली. कार्पेलेसने लगेच इन्कार केला. सिल्क रोडच्या संदर्भात त्याच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही. त्याच्या कंपनीचा धंदाच इतरांच्या साइट भाड्याने ठेवण्याचा होता.

गफलत इथे आहे. नेमसर्व्हर हा घरमालक असतो, भाडेकरू नव्हे. पुण्यात एखाद्या इमारतीच्या फाटकावर मालकाचं नाव कोरलेलं असतं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचे उद्योग मालकाच्या माथी मारता येत नाहीत. डेर-येगियानला सापडलेली नोंद खोटी नव्हती. पण ती एका कंपनीची व्यवहारातली नोंद होती. कार्पेलेसने त्यात स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. अल्टॉइडच्या जाहिरातीत माणूस स्वतः म्हणत होता की, मला इथे लिहा. कार्पेलेसबाबतचं पुढचं सगळं सुतावरून स्वर्ग गाठणं होतं, आणि सूत मात्र अगदी खरं होतं. म्हणूनच ते धोकादायक.

तरी अल्फर्डचा धागा निर्दोष होता असंही मी म्हणणार नाही. अल्टॉइड हा एखादा उत्साही पहिला गिऱ्हाईकही असू शकला असता. मीझेसचे व्हिडिओ आवडणारे तर हजारो. एक एक खूण सुटी घेतली तर कार्पेलेसविरुद्धच्या खुणांपेक्षा ती फार वजनदार नव्हती. फरक इतकाच की इथल्या खुणा वेगवेगळ्या दिशांनी येत होत्या आणि एकमेकींवर अवलंबून नव्हत्या: मत, ठिकाण, प्रोग्रामिंगचा प्रश्न. तिकडे सगळ्या खुणा एकाच डोमेनच्या खुंटीला टांगलेल्या. खुंटी निघाली की सगळं खाली.

आज हाच पत्ता शोधायचा तर

हत्यारं बदलली आहेत. काही बोथट झाली, काही नवी आली. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद पडलं आणि जीमेलवरून थेट चेहऱ्यापर्यंत जाणारा राजरस्ता त्याबरोबर गेला. डोमेनच्या नोंदी मे २०१८ पासून, म्हणजे युरोपचा खासगीपणाचा कायदा अमलात आल्यापासून, बहुतेक ठिकाणी झाकलेल्या असतात. नाव-पत्त्याच्या जागी ‘खासगीपणासाठी काढलं आहे’ असं येतं. तरीही डोमेन कधी नोंदलं आणि कुठे, हे दिसतं. ठगाने पाठवलेल्या ‘कंपनीच्या’ ईमेलचं डोमेन गेल्या आठवड्यात नोंदलेलं निघालं तर बाकी काही बघायची गरजच उरत नाही. गूगलने पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणं २०२४ मध्ये सोडलं, त्यामुळे पुसलेलं काही बघायचं तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन हाच मुख्य आधार राहिला.

नव्यांपैकी सगळ्यांत कामाचं म्हणजे ‘हॅव आय बीन पोन्ड’. डिसेंबर २०१३ मध्ये, उल्ब्रिक्टच्या अटकेनंतर दोन महिन्यांनी, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ते सुरू केलं. पत्ता टाकला की तो कोणकोणत्या माहितीचोरीत सापडला होता ते कळतं. ते आहे स्वतःचा पत्ता तपासण्यासाठी, पण त्यातून एक वेगळी गोष्टही समजते: पत्त्याचं वय. २०१२ च्या चोरीत असलेला पत्ता काल परवा तयार केलेला नाही. उलट दहा वर्षं जुनी कंपनी असल्याचा दावा करणाऱ्याचा पत्ता कुठेच नसेल तर त्यावरून मात्र काही ठरत नाही; सावध माणसाचा पत्ताही कुठेच नसतो. ग्रॅव्हॅटारवर पत्त्याशी जोडलेला जुना फोटो कधी कधी मिळतो. आपल्याला आलेलं पत्र असेल तर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून एसपीएफ, डीकिम (पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आलं का याच्या चाचण्या) पास झालं का ते बघावं. पण जीमेलच्या वेबपानावरून पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता त्यात मिळत नाही, आणि अल्फर्डच्या हातात तर कुणाचं पत्रही नव्हतं.

हे सगळं मुलांना आधी स्वतःच्या पत्त्यावर करून बघायला सांगतो. एका मुलीला आठवीत असताना उघडलेलं एक खातं सापडलं, त्यावर शाळेचं नाव आणि वाढदिवस. पुढचा अख्खा तास ती ते बंद करण्यात गुंतली होती. मी हजेरी लावली.

दुसऱ्याच्या पत्त्यामागे लागायचं तर आपल्याकडचं थोडं कायद्याचं भान हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही, पण चोरीतून फुटलेली माहिती त्याने जाहीर केलेली नसते. आणि सापडलेलं कोर्टात न्यायचं तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून जो वाद गेला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं सांगितलं; आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. पैसे गेले असतील तर शोधाशोध नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

जून ते सप्टेंबर

अल्फर्डला नाव जूनच्या सुरुवातीला सापडलं. अटक झाली ऑक्टोबरमध्ये. मधले तीन-साडेतीन महिने ते नाव जवळजवळ पडून होतं. त्याने वरिष्ठांना सांगितलं, सहकाऱ्यांना सांगितलं. प्राप्तिकरवाल्याने गूगलवर शोधलेल्या नावाला कुणी फार किंमत दिली नाही. १९७७ मध्ये न्यूयॉर्कमधला ‘सन ऑफ सॅम’ नावाने कुप्रसिद्ध झालेला खुनी पार्किंगच्या दंडाच्या पावतीवरून सापडला होता, तरी साध्या कागदावर विश्वास ठेवायला पोलिसांना जड जातं ते जातंच.

दरम्यान इतरांच्या ताटात वेगळे तुकडे पडत होते. १० जुलैला कॅनडाहून आलेल्या पाकिटात सीमाशुल्कवाल्यांना नऊ बनावट ओळखपत्रं सापडली, नावं नऊ आणि फोटो एकाच माणसाचा. २६ जुलैला अधिकारी पाकिटावरच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या पत्त्यावर गेले, फोटोतल्या माणसाला भेटले. तोच उल्ब्रिक्ट. त्याने कुणी न विचारता सांगितलं की, समजा, सिल्क रोडसारख्या साइटवरून कुणीही अशी ओळखपत्रं मागवू शकतो. अधिकारी भेटून परत गेले, कारण त्यांना अल्फर्डचा शोध ठाऊक नव्हता, आणि अल्फर्डला त्या भेटीचा अहवाल ठाऊक नव्हता. सप्टेंबरमध्ये अल्फर्डने त्या नावाची पुन्हा एकदा सरकारी नोंदींत चौकशी करायला लावली तेव्हा तो अहवाल वर आला, आणि मग हिकरी स्ट्रीट, कॅफे, फ्रॉस्टी हे सगळं एकाच टेबलावर जमलं. काखेत कळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच की इथे कळसा एकाच्या काखेत होता आणि वळसा दुसरेच घालत होते.

खटल्यात ईमेल पत्त्याचं काय झालं? बचावाचे वकील जोशुआ ड्रेटेल यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं की सिल्क रोड उल्ब्रिक्टने सुरू केला. म्हणजे अल्फर्डने जे शोधलं ते कबूलच. त्यांचं म्हणणं होतं की, त्याने तो लवकरच दुसऱ्याच्या हवाली केला आणि २०१३ मधला ड्रेड पायरेट रॉबर्ट्स हा वेगळा माणूस आहे. आणि तो वेगळा माणूस म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते डेर-येगियानच्याच जुन्या संशयितावर, कार्पेलेसवर. २०११ च्या पोस्टमधला पत्ता २०११ मध्ये कोण होतं ते सांगतो. २०१३ मध्ये कीबोर्डवर कुणाचे हात होते, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. ज्युरीने ४ फेब्रुवारी २०१५ रोजी सातही आरोपांत उल्ब्रिक्टला दोषी ठरवलं. मे महिन्यात दोन जन्मठेपा अधिक ४० वर्षं अशी शिक्षा झाली. २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला पूर्ण माफी दिली.

ज्युरीला पटलं ते ज्या गोष्टीमुळे, ती घडली १ ऑक्टोबर २०१३ च्या दुपारी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क भागातल्या सार्वजनिक वाचनालयात. उल्ब्रिक्ट विज्ञानकथांच्या कपाटाजवळ लॅपटॉप उघडून बसला होता. बाहेर, जवळच, डेर-येगियान स्वतःच्या लॅपटॉपवर ‘सिरस’ या नावाने ड्रेड पायरेट रॉबर्ट्सशी गप्पा मारत होता. सिल्क रोडच्या कर्मचाऱ्याचं ते खातं त्याने आधीच ताब्यात घेतलेलं होतं. त्याने चालकाच्या पानावरचा एक संदेश बघायला सांगितला, म्हणजे समोरचा त्या पानावर शिरेल. तो शिरला. आत वाचनालयात एका बाई आणि पुरुषाने मोठ्याने भांडण उकरून काढलं, उल्ब्रिक्टने मान वळवली, आणि लॅपटॉप बंद व्हायच्या आत तो उचलला गेला. पडद्यावर चालकाचं पान उघडं होतं, आणि गप्पांच्या चौकटीत सिरसशी चाललेलं बोलणं.